गणपतीची रजा आणि २४ दिवसांचा खाडा : रबाळ्याच्या एका कारखान्यातील प्रकरण

ओळख पटू नये म्हणून कारखाना, माणसे आणि काही रकमा बदलल्या आहेत. तारखांचा क्रम, हिशेबाची रीत आणि कायद्याच्या तरतुदी मात्र तशाच ठेवल्या आहेत. प्रकरण २०२३ चे आहे. तेव्हा कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता.

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे एमआयडीसीमध्ये पत्र्याचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना. पटावर ८४ कायम कामगार, शिवाय कंत्राटदाराची माणसे. हिशेब, खरेदी आणि विक्रीचे २२ जण ठाण्यातल्या कार्यालयात बसतात. कामगारांपैकी निम्म्याहून जास्त रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आहेत. त्यामुळे गणपतीत शेड रिकामी होणार हे दरवर्षीचेच, आणि रजेवरून कुरबुरही दरवर्षीचीच.

एकाच मालकाच्या या दोन जागांना रजेचे दोन वेगळे कायदे लागू होते. ठाण्याच्या कार्यालयाला २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा लागू होता : वर्षाला ८ किरकोळ रजा, दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवणूक. रबाळ्याच्या शेडला कारखाने अधिनियमाचे कलम ७९ लागू होते. मागच्या वर्षी २४० दिवस भरले असतील, तर प्रत्यक्ष कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस रजा मिळायची. उरलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढे नेता यायची. मागूनही नाकारलेली रजा मात्र या मर्यादेत मोजत नसत, ती सगळी पुढे जायची.

२०२१ मध्ये हजेरी आणि पगाराचे नवे सॉफ्टवेअर आले. पुरवठादाराने कुठल्या तरी सेवा कंपनीचा तयार साचा बसवून दिला. त्यात तीन गोष्टी आधीपासून चालू होत्या : महिन्याला एक याप्रमाणे वर्षाला सरसकट १२ रजा, ३१ डिसेंबरला शिल्लक शून्य, आणि रजेच्या मध्ये आलेला रविवार किंवा सण रजेतच धरणे. कोणीही त्या तपासल्या नाहीत. पुढे जे घडले त्याची मुळे इथे आहेत.

काय घडले

कामगार प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या मशिनवर काम करणारा. नोकरीला नऊ वर्षे, पगार महिना १९,६०० रुपये, म्हणजे २१,००० च्या मर्यादेखाली, त्यामुळे ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत). त्याने २८ ऑगस्टला १६ ते २६ सप्टेंबरची रजा लेखी मागितली. कायद्याला १५ दिवस आधी अर्ज लागायचा. त्याचा अर्ज १९ दिवस आधीचा होता. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, मंगळवारी होती.

उत्तर यायला ११ सप्टेंबर उजाडला. सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक ३ दिसत होती. १६ शनिवार, १७ रविवार, १८ सोमवार असे तीन दिवस मंजूर झाले. १९ ची सुट्टी धरून २० ला हजर हो, असे फोरमनने तोंडी सांगितले. म्हणजे मूर्ती घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने रबाळ्यात असायला हवे होते. गावच्या मंडळींसोबत एसटीचे आरक्षण कधीच झाले होते. तो गेला आणि मागितलेल्या तारखांप्रमाणे राहिला.

२६ ला रात्री ताप चढला. २७ ला ग्रामीण रुग्णालयात दाखल झाला, कावीळ निघाली. २८ ला त्याच्या पुतण्याने केसपेपरचा फोटो फोरमनच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. 'काळजी घे' एवढे उत्तर गेले. फोटो फोरमनच्या फोनमध्येच राहिला, कार्यालयापर्यंत आला नाही.

३० सप्टेंबरला कंपनीने गावच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकले : ४८ तासांत हजर न झाल्यास आपण स्वेच्छेने नोकरी सोडली असे समजले जाईल. ३० ला शनिवार, १ ला रविवार, २ ला गांधी जयंती. पत्र प्रत्यक्षात ३ ऑक्टोबरला निघाले आणि ६ तारखेला घरी पोचले. ते त्याच्या आईने घेतले. तो तेव्हा तालुक्याच्या गावी बहिणीकडे विश्रांतीला होता. पत्र हाती पडल्यापासून ४८ तास ८ तारखेला संपत होते. कंपनीने ७ तारखेलाच हजेरीपटावरून नाव काढले. टपालाची पोच कार्यालयात आली १२ ला.

१४ ऑक्टोबरला, शनिवारी, पहिल्या पाळीला तो गेटवर आला. हजेरीच्या यंत्रावर अंगठा (थम) लागेना. टाइम ऑफिसमधल्या माणसाने स्क्रीन पाहून सांगितले, "दादा, तुमचं नाव काढलंय. मॅडम येईपर्यंत थांबा." कामगाराच्या हातात दुधाची रिकामी पिशवी होती. तिच्यात घडी घातलेला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचे दोन कागद आणि कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला होता.

मनुष्यबळ अधिकारी दोन महिन्यांपूर्वीच रुजू झाल्या होत्या. नाव काढण्याच्या कागदावर त्यांची सही नव्हती. पण निस्तरायचे त्यांनाच होते, आणि वेळ थोडा होता. सप्टेंबरचा पीएफ आणि ईएसआयचा भरणा १५ ऑक्टोबरपर्यंत जायचा होता, आणि १५ ला रविवार होता. तयार फाइलमध्ये या माणसापुढे 'सेवा सोडली' असे कारण टाकलेले होते. ती फाइल तशीच गेली असती, तर आजारपणाचा लाभ मागताना ईएसआयच्या नोंदीत तो नोकरीतच नसता. त्यांनी पहिले काम तेच केले : फाइल थांबवली.

अडचण नेमकी कुठे होती

उत्पादन विभागाचे म्हणणे सरळ होते. २० सप्टेंबर ते १३ ऑक्टोबर असे २४ दिवस माणूस न सांगता गायब, निर्यातीची ऑर्डर अडकली, बाकीचे लोक तारखेला परत आले. शिस्तीचा प्रश्न आहे.

अधिकाऱ्यांनी मात्र आधी रजेची वही उघडली. आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. खुलासा मागण्याआधी, आरोपपत्राचा विचार करण्याआधी, शिल्लक खरोखर किती होती ते हाताने मोजायचे.

२०२२ मध्ये त्याने प्रत्यक्ष २६२ दिवस काम केले होते. भागिले २० केले की १३.१ येतात. अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडायचा, म्हणून १३ दिवस. सॉफ्टवेअरने १२ दिले. २०२२ अखेर ५ दिवस उरले होते, ते ३१ डिसेंबरला पुसले गेले. शिवाय त्याच वर्षी रजेत धरून कापलेले २ रविवार परत द्यायला हवे होते. २०२३ मध्ये त्याने २८ एप्रिल ते ६ मे अशी रजा घेतली होती. कामाचे दिवस ७. सॉफ्टवेअरने ९ कापले, कारण ३० एप्रिलचा रविवार आणि १ मे हेही रजेत धरले. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि तोच कामगाराच्या रजेतून वजा.

कलम ७९ च्या स्पष्टीकरणात हे स्वच्छ लिहिले होते : रजेच्या मध्ये किंवा कोणत्याही टोकाला येणारी सुट्टी रजेत मोजायची नाही. कार्यालयांमध्ये रुळलेला हा 'सँडविच'चा नियम कारखान्यातल्या भरपगारी रजेला लावताच येत नव्हता.

तेव्हा खरा हिशेब असा :

५ + २ + १३ − ७ = १३ दिवस शिल्लक. सॉफ्टवेअर दाखवत होते : १२ − ९ = ३.

त्याने मागितलेल्या १६ ते २६ सप्टेंबरमध्ये कामाचे दिवस होते फक्त ८. म्हणजे सगळी रजा त्याच्या खात्यात होती, आणि वर ५ दिवस उरत होते.

पगारातही घोळ होता. दिवसाचा दर १९,६०० भागिले २६, म्हणजे ७५३.८५ रुपये. सप्टेंबरमध्ये १२ दिवसांचा पगार कापला : २० ते ३० मधले कामाचे १० दिवस, २४ चा रविवार आणि चतुर्थीची सुट्टी. एकूण ९,०४६ रुपये. आता दर काढताना २६ ने भागले, याचा अर्थ रविवारचा पगार वेगळा धरलेलाच नाही. मग रविवार कापला की ती कपात दुहेरी होते. हे पटवायला अधिकाऱ्यांनी मालकांना एक साधा हिशेब करून दाखवला. कोणी सप्टेंबरचे तीसही दिवस आला नाही, तर या रीतीने २२,६१५ रुपये कापले जातील, पगार तर १९,६०० च आहे. मालक स्वतः हिशेबातले होते. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढून घेतला, दोनदा करून पाहिले आणि म्हणाले, "हे किती महिने चाललंय?"

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, झाले ते राहू देणे : 'स्वेच्छेने नोकरी सोडली'. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत, रजा संपल्यावर ठरावीक दिवसांत न परतणाऱ्याचा कामावरचा हक्क जातो अशी तरतूद होती, आणि फोरमन तिच्यावरच बोट ठेवत होता. पण डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, अशी तरतूद असली तरी कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता, चौकशीशिवाय नोकरी संपवता येत नाही. पटावरून नाव काढणे हीदेखील कामगारकपातच, हे त्याआधी १९८२ मध्ये रॉबर्ट डिसूझा प्रकरणात ठरले होते. कामगारकपात म्हटली की महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार आला. यातले काहीच दिलेले नव्हते. त्यात ईएसआय कायद्याचे कलम ७३ : रीतसर दाखला असलेल्या आजारपणात कामगाराला काढता येत नाही आणि त्या काळात दिलेली नोटीसही चालत नाही. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या राज्याच्या एमआरटीयू-पल्प कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करायला त्याच्याकडे ९० दिवस होते.

दुसरा पर्याय मालकांना आवडला होता : माफीनामा लिहून घ्यायचा आणि १६ ऑक्टोबरपासून नवी नेमणूक द्यायची. दिसायला हा मार्ग मवाळ आहे, पण सगळ्यात घातक हाच. माणूस कामावर आलेला दिसतो, घरचेही खूश होतात, आणि नऊ वर्षांची सलग सेवा एका कागदावर तुटते. ग्रॅच्युइटी, रजेची शिल्लक, ज्येष्ठता सगळे शून्यावर येते. अडचणीत सापडलेला माणूस अशा कागदावर सही करतोच. म्हणूनच ती घेऊ नये.

तिसरा : सेवा सलग ठेवून कामावर घ्यायचे आणि विनापरवानगी गैरहजेरीचे आरोपपत्र द्यायचे. कायद्याने हे चालले असते. पण चौकशीत पहिला प्रश्न येणार, शिल्लक किती होती? आणि कंपनीचीच वही कंपनीविरुद्ध साक्ष देणार.

चौथा : सेवा सलग ठेवून कामावर घ्यायचे, आधी वही आणि पगार दुरुस्त करायचा, मग शिस्तीचे काय उरते ते पाहायचे. हाच स्वीकारला.

काय केले

त्याच दिवशी दुपारपर्यंत नाव काढण्याचा आदेश लेखी मागे घेतला. "सेवेत खंड धरला जाणार नाही" हे वाक्य पत्रात मुद्दाम घातले. थम चालू केला. सकाळी गेटवर आल्यापासूनची हजेरी लावली.

मग २४ दिवसांची वाटणी केली. यात एक निर्णय कामगाराला विचारूनच घ्यायचा होता. कंपनी ज्या दिवसाचा रजेचा किंवा सुट्टीचा पगार देते, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ ईएसआय देत नाही. एका दिवसाला दोन्ही नाहीत. ईएसआयचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, आणि आजाराचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. भरपगारी रजा लावली तर पूर्ण पगार मिळतो, पण शिल्लक संपते. अधिकाऱ्यांनी दोन्ही आकडे कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवले. तो म्हणाला, "मॅडम, तीन दिवस शिमग्याला राहू देत."

त्याप्रमाणे २० ते २६ सप्टेंबरचे कामाचे ६ दिवस आणि आजाराचे पहिले दोन दिवस, २७ व २८, असे ८ दिवस भरपगारी रजा. २९ सप्टेंबरपासून १३ ऑक्टोबरपर्यंत ईएसआय, फक्त २ ऑक्टोबर वगळून, कारण ती पगारी सुट्टी होती. लाभाचे दिवस १४. त्यात कामाचे १२ आणि रविवार २. आता बेरीज करू : रजा ८, ईएसआयमधले कामाचे दिवस १२, रविवार ३, सुट्टी १. झाले २४. खाडा एकही नाही.

सप्टेंबरची कपात १२ दिवसांवरून २ दिवसांवर आली. परत द्यायचे १० दिवसांचे, म्हणजे ७,५३८ रुपये. ते २० ऑक्टोबरला वेगळ्या व्हाउचरने खात्यात जमा केले. इथे आणखी एक चूक सापडली. कलम ८० प्रमाणे रजेचा पगार आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी कमाईवर काढायचा असे. त्यातून ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा, पण महागाई भत्ता धरायचा. कंपनी रजेच्या दिवसांना उत्पादन भत्ता देतच नव्हती. तो फरक नंतर काढून दिला. चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाली की तिचा पगार रजेवर जाण्याआधी द्यायचा, ही कलम ८१ ची तरतूद तर कारखान्यात कोणालाच माहीत नव्हती. गावी सणाला निघालेल्या माणसासाठी तिची किंमत मोठी असते.

पीएफच्या फाइलमध्ये बिनपगारी दिवस १२ ऐवजी २ केले, ईएसआयच्या फाइलमधले कारण काढले, आणि शनिवारी संध्याकाळीच दोन्ही भरणा केले. ग्रामीण रुग्णालयाचे कागद घेऊन कामगाराला ईएसआयच्या दवाखान्यात पाठवले. बाहेरचा दाखला पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारायचा की नाही हे ईएसआय ठरवते. कंपनीने एवढेच करायचे की कोणत्या दिवसांचा पगार दिला आणि कोणत्या दिवसांचा नाही हे खरे आणि तारखेनिशी लिहून द्यायचे.

राहिला शिस्तीचा प्रश्न. २० ला ये असे सांगूनही तो आला नाही, हे खरेच होते. उत्पादन विभागाला निदान ताकीद हवी होती. शेवटी पुढच्या वेळी मुदतवाढ लेखी मागावी, असे साधे सूचनापत्र दिले, शिक्षा नाही. तेही द्यायला नको होते असे आमचे मत आहे. चुकीच्या आकड्यावर रजा नाकारली कंपनीने, आणि सूचना मिळाली कामगाराला.

परिणाम

ईएसआयचा लाभ नोव्हेंबरच्या शेवटी थेट त्याच्या खात्यात आला. तो त्याच मशिनवर आहे.

डिसेंबरात सर्व ८४ जणांच्या वह्या २०२१ पासून हाताने तपासल्या. बहुतेकांची रजा कमी दिसत होती. जास्त दिसणारे मोजकेच होते, आणि त्यांच्याकडून काही परत घेतले नाही. १ जानेवारी २०२४ पासून सॉफ्टवेअरमध्ये कारखाना आणि कार्यालय असे दोन वेगळे गट केले, सँडविच आणि वर्षाअखेरची शून्यनोंद बंद केली. प्रत्येकाला रजेचे पुस्तक दिले. ते कारखान्यात ठेवायचे नाही, घरी न्यायचे.

वेगळे काय करता आले असते

पत्राचा मसुदा. "४८ तासांत हजर व्हा, नाहीतर नोकरी सोडली" ऐवजी पहिल्या पत्रात कारण विचारायचे आणि मुदत पत्र मिळाल्यापासून मोजायची. सोबत फोन आणि संदेश. टपालाची पोच हातात येईपर्यंत पुढचे पाऊल नाही. उत्तर नाहीच आले तर दुसरे पत्र, आरोपपत्र, चौकशी. वेळ लागतो, पण तेवढा लागणारच.

फोरमनचा फोन. फोरमनला कळवले म्हणजे कंपनीला कळवले, असेच कामगार समजतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आजारपण कळवायला कार्यालयाचा एकच क्रमांक आता गेटवर आणि पगारपत्रकावर छापला आहे. तो २०२१ मध्येच छापता आला असता.

सणाचे नियोजन. सणाच्या रजेचे अर्ज जुलैअखेर घ्यायचे, उत्तर १५ ऑगस्टच्या आत लेखी द्यायचे, आणि नाकारायचे असेल तर शिल्लक किती आणि नाकारण्याचे कारण काय हे दोन्ही लिहायचे. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. दोन तुकड्या केल्या : गौरी-गणपतीपर्यंत राहणारे आणि अनंत चतुर्दशीपर्यंत राहणारे. कोणी कोणत्या तुकडीत जायचे ते कामगारांनी आपसात ठरवले.

हेच प्रकरण आज घडले तर कलमे बदलतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भरपगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात, २० ला १ हे प्रमाण तेच आहे. स्थायी आदेशांचा भाग आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे एवढ्या कारखान्याने गैरहजेरीची कार्यपद्धती नेमणूकपत्रात किंवा धोरणात स्वतः लिहून ठेवावी. ठाण्याच्या कार्यालयाला राज्याचा दुकाने कायदा आहेच. जुना साचा नव्या नावाने पुन्हा बसवू नये.

एक काम अजून अर्धवट आहे. २०२१ नंतर सहा कामगार नोकरी सोडून गेले होते. त्यांची पुसलेली रजा फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, धरलेली नव्हती. चौघांच्या खात्यांत फरक जमा झाला. दोघांची खाती बंद आहेत, आणि गावच्या पत्त्यावर टाकलेली पत्रे परत आली आहेत. ती पाकिटे शिक्क्यांसकट त्यांच्या फाइलला लावून ठेवली आहेत, आणि दोघांच्याही गावचे जे कामगार पटावर आहेत त्यांना या गणपतीत त्यांच्या घरी निरोप द्यायला सांगितले आहे.